लंडन, १८८३: एक पेटी जास्त (अलौकिक रहस्य-कॅम्पेन आखतोय, मदत हवी)

कंदीलवाला

नमस्कार मंडळी. आमच्या रोल-प्लेइंग गेमच्या गटाने पुढचं कॅम्पेन (अनेक बैठकांत खेळायची एक सलग गोष्ट) व्हिक्टोरियन लंडनमध्ये खेळायचं ठरवलंय. भुताटकी हवी, तपास हवा आणि मारामारी शक्य तितकी कमी. खेळाडू चार, जीएम (गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) मी. ढाचा तयार आहे, पण मधे मोठी भोकं आहेत.

राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. एवढ्या काळात जग इतकं बदललं की नुसतं 'व्हिक्टोरियन' म्हणून काहीच ठरत नाही. म्हणून वर्ष पक्कं केलंय: १८८३, ऑक्टोबर ते डिसेंबर. १८८८, म्हणजे जॅक द रिपरचं वर्ष, मुद्दाम टाळलं. व्हाइटचॅपलमध्ये मारल्या गेलेल्या बायका खऱ्या होत्या. त्यांच्या मरणाचं कोडं रविवारी संध्याकाळी चिवडा खात सोडवणं मला जमणार नाही.

१८८३ मध्ये मात्र हाताशी खूप काही आहे. २६-२७ ऑगस्टला क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची धूळ वातावरणात इतकी वर गेली की नोव्हेंबरात लंडनचं आकाश सूर्य मावळल्यावरही बराच वेळ लालभडक दिसायचं. चेल्सीत एक चित्रकार संध्याकाळमागून संध्याकाळ नदीकाठी बसून त्या आकाशाची चित्रं काढत होता. ३० ऑक्टोबरला आयरिश क्रांतिकारकांनी भुयारी रेल्वेत दोन ठिकाणी स्फोट घडवले, त्यामुळे पेटी-बोचकं घेऊन हिंडणाऱ्या कोणावरही पोलिसांची नजर. आणि सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च नुकतीच, १८८२ मध्ये, स्थापन झालेली. केंब्रिजचे हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष. भुतं आहेत की नाहीत हे पुराव्यानिशी तपासायचं, असं ठरवून बसलेली ही शिकलेली माणसं. माझी पात्रं या संस्थेसाठी बिनपगारी तपास करणारी आहेत.

आता कथेचं तोंड. लंडनमधल्या दफनभूमी भरून वाहू लागल्यावर १८५४ मध्ये खास मृतांसाठी रेल्वे सुरू झाली, लंडन नेक्रोपोलिस रेल्वे. वॉटर्लूजवळ तिचं स्वतंत्र स्टेशन होतं. तिथून सरे परगण्यातल्या ब्रुकवुड दफनभूमीपर्यंत शवपेट्या आणि नातेवाईक एकाच गाडीने जात. नातेवाइकांना परतीचं तिकीट, पेटीला फक्त जाण्याचं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी वॉटर्लूला पेट्या चढतात २१. ब्रुकवुडला उतरतात २२.

इथून पुढे अडलोय. बावीसाव्या पेटीत काय असावं? आणि भूत खरंच असेल तर तपासाला अर्थ काय उरतो? 'भुताने केलं' म्हटलं की संपलं.

अस्मि_नाशिक

एकवीस चढल्या, बावीस उतरल्या! मला आत्ताच खेळायचंय. वाचतेय.

टेम्सकाठी

मी सरेमध्येच राहतो, ब्रुकवुडला बऱ्याचदा गेलोय. तुझ्या उपयोगाचं सांगतो.

दफनभूमीच्या आत दोन स्टेशनं होती. दक्षिणेचं अँग्लिकन चर्चवाल्यांचं, उत्तरेचं बाकी सगळ्यांचं. गाडीतही तशीच वाटणी, आणि त्यात पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. वर्ग जिवंतांनाही आणि मेलेल्यांनाही. पेटीचं भाडं पहिल्या वर्गाला १ पौंड, दुसऱ्याला ५ शिलिंग, तिसऱ्याला अडीच शिलिंग. वॉटर्लूचं स्टेशन कमानींच्या आधाराने उंचावर होतं. खाली शवागार, आणि पेट्या वाफेच्या लिफ्टने फलाटावर चढवायचे. तुझी मोजणी या लिफ्टपाशी होऊ दे. लिफ्टवाला प्रत्येक पेटी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, त्यामुळे त्याचा आकडा चुकू शकत नाही.

दुसरं फार कामाचं. तिसऱ्या वर्गापेक्षाही खाली म्हणजे पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीप्रमाणे पाडलेल्या स्थानिक विभागाच्या) खर्चाने येणारे गरीब. लंडनच्या काही पॅरिशनी आपले गरीब मृत इथे पुरायचा करार रेल्वे कंपनीशी केला होता. आणि इथे गरिबालाही स्वतंत्र खड्डा मिळायचा. इतर ठिकाणी एका खड्ड्यात दहा-वीस जण टाकत, तसं इथे नव्हतं. दगड लावायची ऐपत नसली तरी नोंदवहीत नाव आणि खड्ड्याचा क्रमांक असायचा.

आणि चौघांपैकी कोणाला भारतीय पात्र घ्यायचं असेल तर ब्रुकवुडला पारशी दफनभूमी १८६० च्या दशकापासून आहे. जमशेदजी टाटा पुढे १९०४ मध्ये तिथेच विसावले. म्हणजे १८८३ मध्ये मुंबईच्या पेढीचा एखादा पारशी कारकून त्या गाडीत असणं अगदी रास्त. त्याला तिथे जायला कसलंही निमित्त काढावं लागणार नाही.

वीसपैलू

नियमांबद्दल बोलतो, कारण रहस्य-कॅम्पेनं बहुतेक वेळा तिथेच बसतात.

'कॉल ऑफ थुलू' हा भयकथांचा रोल-प्लेइंग गेम घेणार असशील तर शंभरच्या फाशांवर कौशल्यं आहेत, मानसिक संतुलनाचा आकडा आहे, आणि १८९० च्या दशकातल्या इंग्लंडसाठी वेगळं पुस्तकही आहे. वातावरण उत्तम जमतं. पण तपासाच्या जागी फासा टाकायला लावलास आणि तो पडलाच नाही, तर पुराव्याची वही कपाटातच राहते आणि चार शहाणी माणसं टेबलाभोवती गप्प बसतात. यावर 'गमशू' या तपासकथांसाठीच्या नियमपद्धतीत सरळ उपाय आहे: ज्याच्याकडे योग्य कौशल्य आहे आणि जो योग्य जागी बघतो, त्याला धागादोरा मिळतोच. फासा टाकायचा तो धोक्यासाठी. आपण पकडले जातो का, खिडकीतून उडी जमते का, एवढ्यापुरता. तू कुठलीही सिस्टीम घे, पण हा नियम उचल.

आणि प्रत्येक निष्कर्षाकडे जायला निदान तीन वाटा ठेव. खेळाडू एक चुकवतील, दुसरीचा उलटा अर्थ लावतील, तिसरीवर गाडी रुळावर येईल.

तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर: भूत असलं म्हणून तपास संपत नाही, भुताला नियम नसला की संपतो. एकच नियम ठरव, तो आधी लिहून ठेव आणि काही झालं तरी मोडू नकोस. मग भूत हासुद्धा पुरावाच होतो.

रानमांजर

मला मढी पळवणारी टोळी हवी. रात्रीचं स्मशान, फावडी, मिणमिणता कंदील!

जुनीवही

रानमांजर, १८८३ मध्ये ती टोळी मिळणार नाही. १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याने तो धंदाच बसला. पण कायद्याने जे केलं ते टोळीपेक्षा भयंकर आहे, आणि कंदीलवाल्याची बावीसावी पेटी मला तिथेच दिसते. जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी चिरफाडीसाठी कायद्याने फक्त फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं मिळत. ती पुरत नव्हती म्हणून कबरी खणून चोऱ्या व्हायच्या. १८३२ च्या कायद्याने सांगितलं की बेवारस प्रेत शरीरशास्त्राच्या शाळेला देता येईल. बेवारस कोण? वर्कहाउसमध्ये मेलेला, ज्याला न्यायला कोणी आलं नाही तो. वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवायची जागा, पण सरकारी अनाथाश्रम असं समजू नका. १८३४ च्या कायद्यानंतर ते मुद्दाम इतकं कठोर केलं होतं की माणसाने तिथे यायलाच घाबरावं. नवरा-बायको वेगळ्या वॉर्डात, मुलं तिसरीकडे. गरिबांना मरणाची भीती नव्हती तेवढी वर्कहाउसमधून चिरफाडीच्या टेबलावर जाण्याची होती. आठवड्याला पेनी-पेनी देऊन लोक दफनाचा विमा काढत तो यासाठी.

आता कायद्यातलं एक कलम. माणसाने जिवंतपणी लेखी हरकत घेतली असेल, किंवा शेवटच्या आजारात निदान दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलं असेल की माझं शरीर कापू नका, तर ते देता येत नाही. दोन साक्षीदार. रहस्यकथेसाठी याहून चांगलं कलम मी वाचलेलं नाही.

आणि हे झालेलंही आहे. १८५८ मध्ये दक्षिण लंडनमधल्या न्यूइंग्टन वर्कहाउसच्या मास्तरवर (तिथल्या मुख्य व्यवस्थापकावर) खटला झाला. नातेवाइकांना प्रेत दाखवायचं, मग पेट्या बदलायच्या. नातेवाईक रडत रडत जायचे ते भलत्याच माणसाच्या पेटीमागे, आणि त्यांचं माणूस इस्पितळाला विकलेलं. ज्युरीने दोषी ठरवलं, पण वरच्या न्यायाधीशांनी कायद्याच्या शब्दावर बोट ठेवून शिक्षा रद्द केली.

मेडिकल शाळांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू व्हायचं. चिरफाड थंडीतच चालायची, म्हणजे तुझ्या ऑक्टोबरात मागणी एकदम वाढलेली. शिवाय मूळ कायद्यात प्रेत सहा आठवड्यांत पुरायची मुदत होती. तुझ्या कॅम्पेनचं घड्याळ आयतंच मिळालं.

कंदीलवाला

जुनीवही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भुताचा नियम आत्ता सापडला:

*जिच्या नावाच्या खड्ड्यात दुसरंच कोणी पुरलं गेलं, तिची रिकामी पेटी गाडीत येते. तिचं शरीर जमिनीवर आहे तोवर रोज येते.*

म्हणजे बावीसाव्या पेटीवर पितळी पट्टी आहे, पट्टीवर नाव आहे, आत काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नोंदवहीप्रमाणे ती बाई ऑक्टोबरातच पुरलेली. आणि सहा आठवड्यांनी शाळेने उरलेलं शरीर बेनाव पुरलं की पेटी यायची थांबेल, पण तिला स्वतःचं नाव कधीच मिळणार नाही. पात्रांनी काहीच केलं नाही तर भूत आपोआप जाईल. मला हेच जास्त भयानक वाटतं.

तपास कोण सांगतं? मृत बाईची बहीण. ती एका मीडियमकडे (मृतांशी बोलते असं सांगणाऱ्या बाईकडे) गेली आणि मीडियमने फक्त बहिणीलाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगितल्या. मीडियम खरी की खोटी ते मात्र ठरत नाहीये.

रेघोट्या

खोटी ठेव! पण तिला खलनायिका करू नकोस.

त्या काळातल्या मीडियम बायका बऱ्याचदा गरीब घरच्या. पूर्व लंडनमधल्या हॅकनीची फ्लॉरेन्स कुक अगदी कोवळ्या वयात प्रसिद्ध झाली. तिला तपासायला विल्यम क्रुक्स आले, थॅलियम या मूलद्रव्याचा शोध लावणारे, आणि त्यांनी तिच्या बाजूने ग्वाही दिली. ज्या मुलीला त्यांच्यासारख्यांच्या घरी पुढच्या दाराने प्रवेश मिळाला नसता, तिच्यासमोर रॉयल सोसायटीचा सदस्य अंधारात हात जोडून बसतो. ही ताकद त्या मुलींना दुसरीकडे कुठे मिळणार होती? पकडल्या गेल्या तर मात्र कायदा उभा. अमेरिकन मीडियम हेन्री स्लेडला १८७६ मध्ये लंडनच्या कोर्टाने भटक्या-भिकाऱ्यांविरुद्धच्या १८२४ च्या कायद्याखाली तीन महिने सुनावले होते. अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटला.

युक्त्या पात्रांना पकडू देत, ती मजा खेळाडूंना द्यायलाच हवी. अंधारात सगळ्यांनी हात धरलेले असताना मीडियम आपला एकच हात दोन्ही बाजूंच्या माणसांना धरायला लावते आणि दुसरा मोकळा. फॉस्फरस घातलेल्या तेलाने चमकणारे चेहरे. पातळ मलमल इतकी बारीक गुंडाळायची की कपड्यात कुठेही मावते.

आता जुनीवहींचे दोन साक्षीदार आठव. तुझी मीडियम त्या बाईच्या शेजारच्या खाटेवर होती. वर्कहाउसच्या दवाखान्यात, त्याच आठवड्यात. तिने हरकत स्वतःच्या कानांनी ऐकली. बहिणीच्या सगळ्या गोष्टी मरणाऱ्या बाईने तिलाच सांगितल्या. ती बाहेर आली तेव्हा वर्कहाउसमधून सुटलेल्या बाईची साक्ष कोण घेणार? मेलेल्या बाईचा आवाज काढला तर मात्र बहीण ऐकते, आणि सायकिकल सोसायटीची शिकलेली माणसंही धावत येतात.

वीसपैलू

हे अफाट आहे. खेळाडू तिसऱ्या सेशनला तिची लबाडी उघडी पाडतील आणि खुशीत घरी जातील. पाचव्याला कळेल की आपण एकमेव साक्षीदाराला खोटारडी ठरवून बसलोय.

अस्मि_नाशिक

कंदीलवाला, एक मनापासून सांगते. सेशन झिरो, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची गटाची बैठक, नीट घे. मेलेल्या बाईच्या शरीराचं काय झालं यावर अख्खं कॅम्पेन उभं आहे. गटात कोणाच्या घरी नुकतंच काही घडलं असेल तर आधी विचार. चिरफाडीची खोली दाखवायचीच असेल तर दारापर्यंत ने, आत काय आहे ते वर्णन करू नको.

दुसरं, बायकांची पात्रं. मी अशा एका कॅम्पेनमध्ये प्रत्येक दारात 'बाईला प्रवेश नाही' ऐकत बसले होते. इतिहास तसा होता हे मान्य, पण खेळात ते एकदा सांगून पुढे जायला हवं. त्याच काळाने बायकांना दिलेल्या वाटा वापर. काळ्या क्रेपचे कपडे आणि चेहऱ्यावर जाळी घेतलेल्या विधवेला कोणी नाव विचारत नाही, आणि नेक्रोपोलिस गाडीत तर ती दिसायलाच हवी. मोलकरीण मागच्या दाराने कुठेही जाते. लंडनमध्ये बायकांची मेडिकल शाळा १८७४ पासून आहे, तेव्हा डॉक्टरकीची विद्यार्थिनी घे. शरीरशास्त्राच्या नोंदी तीच वाचू शकेल.

रानमांजर

मग रखमाबाई घेता येतील? त्या लंडनलाच डॉक्टर झाल्या ना?

जुनीवही

झाल्या, त्याच शाळेत, पण त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला पोचल्या होत्या, वाँटिजच्या मठात. पण खऱ्या माणसांना पात्र करू नये असं मला वाटतं. त्यांच्यामुळे दार उघडं होतं एवढं पुरे.

भारतीय पात्रासाठी आणखी एक जागा सांगते. लाइमहाउसला १८५७ पासून आशियाई-आफ्रिकी खलाशांसाठी वसतिगृह होतं. बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी आणि गोव्याचे खानसामे पुष्कळ असत. डेकवरच्या कोकणी माणसाला गोदीतली अशी माणसं ठाऊक असतील जी स्कॉटलंड यार्डला ठाऊक नाहीत.

टेम्सकाठी

अवांतर वाटेल, पण दुसऱ्या अध्यायासाठी सुचतंय. ब्रुकवुडच्या जवळच वोकिंगला दहनगृह बांधलेलं होतं. जमीन दहन-समर्थक संस्थेने नेक्रोपोलिस कंपनीकडूनच घेतलेली. १८७९ मध्ये एका घोड्याचं शव जाळून चाचणी झाली, शेजारपाजारच्यांनी ओरडा केला, आणि भट्टी तशीच पडून राहिली. वेल्समध्ये एका म्हाताऱ्या डॉक्टरने जानेवारी १८८४ मध्ये आपल्या मेलेल्या तान्ह्या मुलाचं दहन करायचा प्रयत्न केला, खटला झाला, आणि दहन बेकायदा नाही असा निकाल लागला. वोकिंगला पहिलं माणसाचं दहन मार्च १८८५ मध्ये.

म्हणजे तुझ्या डिसेंबर १८८३ मध्ये तिथे चालू स्थितीतलं, माणसासाठी कधीच न वापरलेलं दहनगृह उभं आहे. बेवारस हिंदू खलाशाचं प्रेत शाळेच्या यादीत सापडलं तर?

जुनीवही

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला वारले, अगदी तरुण वयात. बरोबरच्या लोकांनी खटपट करून आर्नो नदीच्या काठी दहन केलं. आज तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. राजाला जे मिळालं ते खलाशाला मिळवून द्यायचं, हे पात्रांपुढचं काम म्हणून मला फार भावेल.

कंदीलवाला

सगळ्यांचे आभार. आतापर्यंत जुळलेलं मांडतो.

सुरुवात लिफ्टपाशी एकवीसच्या मोजणीने, मग ब्रुकवुडला बावीसावी पेटी. नाव वाचलं जातं. बदललेल्या पेटीपर्यंत जायच्या वाटा अशा: ब्रुकवुडच्या नोंदवहीत त्या बाईचा खड्डा आधीच भरलेला, वर्कहाउसच्या दाखल्यावरचं वय आणि दफनाच्या कागदावरचं वय जुळत नाही, आणि अंत्यविधी करणाऱ्याच्या मदतनीस पोराला आठवतं की पेटी दोनदा उघडली होती. त्या पोरासाठी मला वेळ काढायचाय. त्याला धमकावलं तर तो गप्प होईल, जेवू घातलं तर बोलेल, आणि तो बोलला की त्याची नोकरी जाणार. पात्रांनी त्याचं पुढे काय केलं हे मी शेवटपर्यंत लक्षात ठेवणार आहे.

दोषी माणूस कोण हे पात्रांना लवकर कळलं तरी चालेल. सिद्ध कसं करायचं हीच खरी अडचण. खड्डा उघडायचा तर १८५७ च्या कायद्याप्रमाणे गृहखात्याचा परवाना लागतो. बोटांचे ठसे स्कॉटलंड यार्डात १९०१ ला येणार. रक्त माणसाचं की जनावराचं, हेसुद्धा तोवर सांगता येत नव्हतं. उरतात दोन साक्षीदार. एक मीडियम. दुसरी वॉर्डातली म्हातारी नर्स, तीसुद्धा वर्कहाउसचीच रहिवासी, मास्तरच्या मर्जीवर जगणारी.

लाल आकाशाचं कारण मी टेबलावर सांगणार नाही. त्यांना तो शकुन वाटला तर वाटू दे. कोणी वर्तमानपत्र चाळलं तर जावाचा ज्वालामुखी सापडेल, आणि या जगात सगळंच भुताचं नसतं हे कळेल.

वोकिंगचा खलाशी दुसऱ्या अध्यायात. कोकणी खलाशाचं पात्र आमच्यातल्या रत्नागिरीच्या मित्राने आजच मागून घेतलं.

एक प्रश्न राहिला. परवाना मिळाला, खड्डा उघडला, तर त्या बाईच्या जागी जो पुरला गेला तो कोण?

रेघोट्या

त्यालाही नाव दे. तोही वर्कहाउसमधलाच असणार, आणि खरा बेवारस. शाळेला त्याचं शरीर मिळायचं होतं, पण पेट्या बदलल्या म्हणून तो शाबूत पुरला गेला. पात्रांनी बाईला तिचा खड्डा परत दिला तर याला कुठे ठेवायचं? अडीच शिलिंग कोणाच्या खिशातून जाणार? सेशनचा शेवटचा तास मी यावर खर्च केला असता.

वीसपैलू

सहमत, आणि त्यावर फासा टाकू नकोस. नोंदवहीची दोन पानं जुन्या वळणाच्या अक्षरात हाताने लिहून खेळाडूंसमोर ठेव. एकावर बाईचं नाव आणि खड्ड्याचा क्रमांक, दुसऱ्यावर क्रमांक छापलेला आणि नावाची जागा कोरी. पेन त्यांच्या हातात दे.